न सुजलेली जखम

आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, पायात काटा मोडला आणि पाय सुजला नाही, तेव्हा मला आनंद झाला होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

नव्वद साल मागे पडून सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही शहरात, इंदिरानगरात, दोन खोल्यांत राहत होतो. मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला जात होते. आत्याबाईंचे सांधे धरले होते. सकाळी मूठ वळत नसे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगाशी लढायचं सोडून यांच्याच सांध्यांवर उठल्या आहेत. त्या पेशींना आवरायच्या गोळ्या दिल्या, आणि दुसरं काही पोटात द्यायचं तर आधी विचारा, असं बजावलं.

मी विचारलं नाही. डॉक्टरांसमोर माझं तोंडच उघडत नसे.

माझं माहेर पेठकडच्या डोंगरात. आमच्याकडे सुजेवर निर्गुडीचा पाला गरम करून बांधतात. तो बांधल्यावर आत्याबाईंना थोडा आराम पडला. मला वाटलं, बाहेरून एवढा गुण, तर पोटातून किती येईल. आमच्या गावात त्याचा काढा कोणी पीत नाही, हे ठाऊक असूनही मी पाला उकळला, तांब्याभर पाणी आटवून अर्धी वाटी केलं आणि रोज सकाळी देऊ लागले.

"लय कडू हाय गं. सासूला मारायचं ठरवलंय का?" असं म्हणत त्या वाटी रिकामी करायच्या. "त्या डॉक्टरला नको सांगू. वरडत बसंल."

बोटं वळू लागली. म्हणून त्या नवस फेडायला अनवाणी वणीच्या देवीला गेल्या आणि तिथे काटा मोडला. मी सुईने काढला. बारीक भोक राहिलं. लाली नाही, सूज नाही. "तुझ्या पाल्याची करणी," आत्याबाई म्हणाल्या. मला बरं वाटलं. चार दिवसांनी त्या जेवेनात. अंग किंचित कोमट लागत होतं आणि हाक मारली की उशिरा ओ देत होत्या.

त्याच दिवशी प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या मुलीने मला बोलावलं. तिला निर्गुडीचा पाला मीच माहेराहून आणून देत असे.

"मावशी, तुमचा पाला गुणाचा निघाला. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना डिवचलं की त्या सूज आणणारी द्रव्यं सोडतात. त्यात पाल्याचा अर्क घातला की कमी सोडतात. गप्प होतात."

"मग चांगलंच की. सूज वाईटच ना?"

"नेहमी नाही हो. जखमेला थोडी सूज हवीच. पेशी तिथे जमल्यात, लढतायत, असा त्याचा अर्थ."

"आणि जखम सुजलीच नाही तर?"

"साधी असेल तर बरी होते. पण माणूस आजारी असेल तर लढायलाच कोणी आलं नसेल. कोणाची जखम, मावशी?"

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, शेतावर राखण करायला. शेतातल्या उंच माळ्यावर बसून पाखरं हाकलायला मी पत्र्याचा डबा बडवायची. हात दुखले की थांबायची. शेत कसं शांत वाटायचं, आणि तेवढ्यात पाखरं कणसांवर उतरलेली असायची.

मी तशीच घरी गेले, रिक्षा करून आत्याबाईंना नेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी जखमेपासून दोन बोटं लांब दाबलं. त्या बारीक भोकातून पू आला.

"गोळ्यांशिवाय काही देत होता?"

"काय बी नाय," आत्याबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे डोळे वटारले.

त्यांचा पाय जाईल की जीवच जाईल, एवढंच डोक्यात होतं. "दिलं," मी म्हणाले. "मी दिलं. निर्गुडीचा काढा. दोन महिने."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. "असं नुसत्या गोळ्यांनीही होतं. काढ्याने किती झालं, मला सांगता येणार नाही. पण सांगितलंत ते बरं केलंत."

पाय चिरला. सलाईन लागलं, त्या गोळ्या काही दिवस बंद केल्या. पुढचे दिवस मी पलंगाच्या पायथ्याशी बसून तो पाय बघत होते. आत्याबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. मी पाजलेली एकेक वाटी मला आठवत होती.

पाचव्या दिवशी त्याच घाबरून ओरडल्या, "अगं ए, सुजला बघ! लाल झालाय!"

डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते की आता थोडी लाली आली तर घाबरू नका. मी हळूच हात लावला. कातडी गरम होती. मी हात तिथेच ठेवला. आत कोणीतरी पुन्हा डबा वाजवायला बसलं होतं.