राळेवर राळ

दुष्काळाच्या वर्षी हातांना खाज सुटली, तेव्हा मला नवल वाटलं नाही. अंघोळीला तांब्याभर पाणी; अंग खाजेल नाही तर काय? शेवगावच्या पेठेत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तारेला राळ लावून सोल्डर मारायचं, धूर निघाला की तोंड खाली घालून फुंकर मारायची. फुंकरीनं सांधा पक्का होतो, असं मी गिऱ्हाइकांना ऐटीत सांगे.

खाज बोटांवरून पापण्यांवर गेली. पापण्यांना राळेचा हात कधी लागत नव्हता, लागायचा तो धूर. तेव्हा तरी संशय यावा की नाही? छे! आईचं टाचांच्या भेगांवरचं मलम होतं, तेलात राळ कढवून पाण्यात फेसलेलं, लोण्यासारखं पांढरं. ते चोपडू लागलो. संपलं तेव्हा नव्या मलमासाठी दुकानातलीच राळ आईला नेऊन दिली. तोंड असं सुजलं की एका गिऱ्हाइकानं मलाच विचारलं, "मालक कुठं गेल्यात?"

"गेलेत बाहेर," मी म्हणालो. आरशात मलाही ते सापडत नव्हते.

पुढं खोकला लागला. एकदा एका शेतकऱ्याचा रेडिओ लावून बघत होतो.

"लई शिट्टी मारतोय ह्यो," तो म्हणाला.

मी रेडिओ बंद केला. शिट्टी चालूच.

"मास्तर, ही तुमच्यातनं येतीय!"

दोघंही हसलो. हसता हसता मला श्वास पुरेना, तसा तो हसायचा थांबला.

नगरच्या डॉक्टरांनी पापण्या पाहिल्या, छाती ऐकली, धंदा विचारला. मलमाचं सांगितल्यावर कपाळाला हात लावला. "राळ सोसत नाही, हे कातडीनं आधी सांगितलं होतं. आता छातीनंही राळ ओळखलीय. यापुढं थोडासा धूरही पुरेल. दुसरं काम बघा."

"दुसरं येत नाही मला."

त्यावर त्यांच्याकडं औषध नव्हतं.

तोंडाला रुमाल बांधून पाहिला. शिट्टी रुमालातूनही ऐकू येई. शेवटी दुकान मेहुण्याला दिलं. त्याच्या सोल्डरला मी कायम नावं ठेवत आलो होतो.

मग घरचाच रेडिओ बिघडला. मेहुणा हत्यारं घेऊन आला आणि बायकोनं मला गल्लीत उभं केलं.

"अहो, वाजला बघा! या आता आत!"

उंबऱ्यापर्यंत गेलो. राळेच्या धुराचा वास होता. छाती आवळली.

"राहू दे, इथनं ऐकू येतंय," मी म्हणालो.

बातम्या लागल्या होत्या. छातीतल्या शिट्टीपुढं एक शब्द कळत नव्हता.