पील, टिश्यू आणि माझा डावा गुडघा

"गेलंय," डॉक्टर म्हणाले.

धुळ्यातल्या हाडांच्या दवाखान्यात त्यांनी माझ्या गुडघ्याच्या एमआरआयची फिल्म उजेडाकडे धरली होती. मी फिल्मकडे बघत होतो, माझे वडील डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते आणि आमच्यासोबत आलेले नाना मान वाकडी करून, फिल्म उलटी तर धरली नाही ना, याची खात्री करून घेत होते.

"काय गेलंय?" मी विचारलं.

"एसीएल. कंप्लीट टेअर."

एसीएल म्हणजे अँटीरियर क्रूशिएट लिगामेंट. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड गुडघ्याच्या आत ज्या दोरीने एकमेकांना धरून असतात, ती दोरी. सरळ चालताना ती नसली तरी निभावतं. पळता पळता एकदम वळायचं झालं की तिच्याशिवाय गुडघा जागचा सटकतो. आणि माझं पोट पळता पळता एकदम वळण्यावरच चालतं. मी व्यावसायिक फुटबॉलपटू आहे.

चोपडा तालुक्यातला व्यावसायिक फुटबॉलपटू म्हटलं की लोक थबकतात, आणि माझा चेहरा बघून आणखी थोडे थबकतात. म्हणून तेही सांगून टाकतो. बुबा, म्हणजे माझे वडील, नेपाळातून एका हंगामासाठी केळीच्या बागेची राखण करायला आले. तो हंगाम अजून संपायचा आहे. आमा, म्हणजे आई, त्याच मालकाच्या पॅकिंगवर केळी धुते. मालक म्हणजे नाना. बुबांचं खरं नाव हस्त. नानांनी पहिल्याच दिवशी त्यांना समजावलं की हस्त हे पावसाचं नक्षत्र असतं, माणसाचं नाव नसतं. तेव्हापासून बुबा सगळ्या गावाचे 'बहादूर' आणि मी बहादूरचा करण.

मामा भुसावळला रेल्वे कॉलनीजवळ राहायचे. सुट्टीत तिथल्या मैदानावर मी फुटबॉल शिकलो, तिथून पुण्याला निवड झाली आणि पुढे गोव्यातल्या एका क्लबात राइट बॅक झालो. राइट बॅक म्हणजे उजव्या बाजूने आपला गोल राखणारा. आजवर मी एकही गोल केलेला नाही. नानांना हे कधीच पचलं नाही. "गोल करस नई, ते मंग तुले पगार कसाना देतस?" असं ते मला दर सुट्टीत विचारतात.

हंगामातल्या शेवटच्या सामन्यात मी एकटाच वळलो. कोणी हात लावला नाही की पाय घातला नाही. आत 'टक्' झालं आणि मी खाली. क्लबातल्या माणसांनी मुरगळलाय म्हणून बर्फ लावला. करार तसाही हंगामापुरताच होता. पुढच्या सरावाला ये, फिट असशील तर नवा करार करू, असं सांगून त्यांनी मला घरी पाठवलं. सूज उतरली, मीही खूश झालो. मग एके दिवशी बागेतला पाट ओलांडताना गुडघा सटकला आणि मी पाण्यात बसलो. नानांनी ते पाहिलं आणि मला थेट गाडीत घातलं.

तुमच्यापैकी कोणाच्या गुडघ्यातून असा 'टक्' आवाज आला असेल आणि लगेच सूज आली असेल, तर सूज उतरली म्हणून पेढे वाटू नका. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टर पुढे सांगू लागले. तुटलेली दोरी नुसती शिवून भागणार नव्हतं. माझ्याच मांडीच्या मागच्या बाजूचा हॅमस्ट्रिंग टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट पट्टी, काढून गुडघ्यात नवी दोरी बसवायची. "याला ग्राफ्ट म्हणतात. तोही टिश्यूच आहे. आत धरायला वेळ लागतो."

टिश्यू हा शब्द ऐकताच नाना खुर्चीच्या कडेवर आले.

आमच्याकडे केळी दोन तऱ्हांनी लावतात. टिश्यूची रोपं प्रयोगशाळेतून येतात, सगळी एका मापाची. पील म्हणजे जुन्या झाडाच्या बुडातून फुटलेला कोंब. तो फुकटात मिळतो, पण बाग कमीजास्त येते. नाना कट्टर टिश्यूवाले. पील लावणाऱ्या भावाशी त्यांनी काही वर्षं बोलणं टाकलं होतं.

"डागदरसाहेब," नाना म्हणाले, "यानाच मांडीमातून काढी लावश्यात, ते मंग ते पील व्हयनं. टिश्यू कसानं? आमले पील नको. चांगलं टिश्यूच लावा."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. डॉक्टरांनी मात्र पेन खाली ठेवलं. ते शिरपूरकडचे, घरची केळी असणारे निघाले. "नाना, पीलच आहे," ते म्हणाले, "पण याच्याच बुडाचं. बाहेरचं आणून लावलं तर जमीन मानेल की नाही, सांगता येत नाही. हे मानतं."

नानांनी बराच विचार केला. बुबा त्यांच्याकडे बघत होते, मी बुबांकडे बघत होतो. "मंग लावा," नाना म्हणाले. संमतीची सही बुबांनी केली, पण परवानगी ही अशी मिळाली.

"खेळता कधी येईल?" मी विचारलं.

"नऊ महिन्यांच्या आत मैदान नाही. त्यानंतरही तपासूनच."

सराव सहा महिन्यांनी सुरू होणार होता. 

आम्ही घरी पोचेपर्यंत बहादूरच्या पोराच्या गुडघ्यात पील लावणार, ही बातमी गावभर झाली होती. दवाखान्यात भरती झालो तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण केळी घेऊन आला. नानांनी तर अख्खं कॅरेट आणलं. शेजारच्या खाटेवरचे आजोबा, त्यांचे नातेवाईक, झाडणाऱ्या मावशी सगळे केळी खात होते. ड्यूटीवरची सिस्टर मला हळूहळू, एकेक शब्द सोडवत हिंदीत म्हणाली, "भैया, अब, और, केला, नहीं." माझ्या चेहऱ्यामुळे माझ्याशी सगळे असंच हिंदी बोलतात. मीही हिंदीत "जी" म्हणतो. प्रत्येकाला वंशावळ कुठे सांगत बसणार?

ऑपरेशन आर्थ्रोस्कोपीने झालं. म्हणजे गुडघा उघडायचा नाही, बारीक छिद्रांतून दुर्बीण घालून आत काम करायचं. त्यासाठी स्पायनल अॅनेस्थेशिया देतात. पाठीच्या कण्यात इंजेक्शन दिलं की कमरेखालचं सगळं बधिर होतं. सोबत झोपेचंही थोडं औषध देतात. हे सगळं मला आधी समजावलं होतं, मी शहाण्यासारखी मानही हलवली होती.

जाग आली तेव्हा मी वॉर्डात होतो आणि मला पाय नव्हते. म्हणजे दिसत होते, पण माझे वाटत नव्हते. त्यानंतरचं मला धड आठवत नाही. आमाने सांगितलेलं सांगतो. मी सगळा वॉर्ड दणाणून सोडला, "मना पाय कोठे गयात? कोन लई गया मना पाय? आरे, मना पाय द्या रे!"

सिस्टर धावत आली आणि दारातच थांबली. "अय माय! हाऊ ते आपला शे!" ती शिंदखेड्याची होती. "आन मी कालपाईन यानासंगे हिंदी बोली राहिनी!" त्यानंतर तिने मला शेंडीपासून अंगठ्यापर्यंत अहिराणीत झापलं. पाय कुठेही गेले नव्हते, गप पडून राहायचं होतं. मला फार बरं वाटलं.

आमाचं मात्र तोंड उतरलं होतं. नेपाळीत मी तिला एकदाही हाक मारली नव्हती. "जन्म मी दिला," ती बुबांना म्हणाली, "आणि बेशुद्धीत हा नानांचा."

घरी आल्यावर माझी मांडी बघून मी रडलो. इथे विनोद करत नाही. फुटबॉलपटूची मांडी म्हणजे त्याची मिळकत, आणि ती वाळून काठी झाली होती. पुढच्या मोठ्या स्नायूला क्वाड्रिसेप्स म्हणतात. ऑपरेशननंतर तो रुसतो. पाय सरळ ठेवून नुसता वीतभर उचलायचा होता. मी हुकूम सोडत होतो आणि मांडी दुसऱ्या कोणाचीतरी असल्यासारखी पडून होती. ती हलली त्या दिवशी आमाने शिरा केला.

फिजिओथेरपीसाठी, म्हणजे व्यायामाच्या उपचारासाठी, मी एसटीने जळगावला जायचो. हळूहळू कुबड्या सुटल्या, सायकल सुरू झाली. तिसऱ्या महिन्यात मला इतकं छान वाटायला लागलं की मी चेंडू शोधू लागलो. डॉक्टर म्हणाले, "हाच घात करणारा काळ. तुला बरं वाटतंय, पण आत ग्राफ्ट आत्ताच सगळ्यात कच्चा आहे. त्यात अजून नव्या रक्तवाहिन्या फुटतायत, तो बदलतोय. वरून पानं हिरवी दिसली म्हणून मुळं धरली असं नाही." हे नव्या रुग्णांनी पाठच करावं. गुडघा बरा होण्याच्या फार आधी माणूस बरा होतो.

सहाव्या महिन्यात प्रशिक्षकांचा फोन आला. सराव सोमवारपासून, ये, जागा ठेवलीय, पण ती फार काळ ठेवता येणार नाही.

मी धुळ्याला गेलो. तिथे हॉप टेस्ट झाली. एका पायावर उडी मारायची, मग दुसऱ्या पायावर, आणि दोन्ही उड्या जवळपास सारख्या पडायला हव्यात. उजव्या पायाने मी हरणासारखा गेलो. डाव्याने शेजारच्या फरशीपर्यंत.

"डॉक्टर, आत्ता गेलो नाही तर करिअर संपेल."

"आत्ता गेलास आणि ग्राफ्ट तुटला, तर जास्त नक्की संपेल," ते म्हणाले. "पाय तुझा आहे. मी बांधून ठेवू शकत नाही."

घरी येऊन मी बॅग भरली.  बुबा तसेही फार बोलत नाहीत, ते बागेत निघून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रशिक्षकांचा पुन्हा फोन आला. ते जरा वैतागले होते.

"करण, तुमच्या गावाकडून कोणी बहादूर मला सारखे फोन करतायत. त्यांना सांग, आम्हाला केळी नकोत."

मी पॅकिंगवर धावलो. म्हणजे धावायची परवानगी होती तेवढाच. बुबा कॅरेटवर बसले होते, हातात फोन, बाजूला नाना. मग सगळं बाहेर आलं. नंबर माझ्या फोनमधून घेतला होता, पण प्रशिक्षकांशी बोलायला बुबांना धीर होत नव्हता, म्हणून नाना बाजूने सांगत गेले आणि बुबा त्याचं हिंदी करत गेले. "साब, बहादूर बोलता हूँ, चोपडा से. अभी निसवा नहीं. कच्चा है. अभी उठाएगा तो नुकसान आपका. चार महिने बाद गाडी भेजो, माल एक नंबर मिलेगा." निसवणं म्हणजे केळीच्या झाडातून घड बाहेर पडणं. गोव्याच्या माणसाला ते कसं कळावं? त्यांनी फोन ठेवला. बुबांनी परत लावला.

मी फार ओरडलो. माझ्या आयुष्याचा निर्णय केळीच्या भावात कसा घेतलात, असंही म्हणालो. नाना उसळले, "सहा महिनामा घड कापस का कोनी? येडा शे का तू?"

बुबांनी नानांना हाताने थांबवलं. मालकाला त्यांनी असं थांबवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"राखण म्हणजे काय?" ते नेपाळीत म्हणाले. "काही न करता जागं राहायचं. चोर आला नाही, तर लोक म्हणतात बहादूर करतो काय. पण चोर का आला नाही, ते मला माहीत असतं. तू मैदानावर हेच करतोस ना? मग आता गुडघा राख. काही करू नकोस. जागा राहा."

माझा खेळ त्यांनी कधी मैदानात बसून पाहिला नव्हता. गोल न करणाऱ्या माणसाला पगार कशाचा, हे मला नानांना इतकी वर्षं पटवता आलं नव्हतं. बुबांना ते न सांगता कळलं होतं. मी तिथेच कॅरेटवर बसलो आणि त्यांच्यासमोर प्रशिक्षकांना फोन केला. केळी नाहीत सर, मीच आहे, चार महिन्यांनी येतो, असं सांगितलं. ते आधी हसले, मग जागा दुसऱ्याला द्यावी लागेल म्हणाले. मी म्हटलं, द्या.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. दुसरा राइट बॅक खेळताना फोनवर बघायचा आणि तो वाईट खेळावा असं मनात आणायचं, मग स्वतःची लाज वाटून व्यायामाला उभं राहायचं. पण उड्या लांब होत गेल्या. दहाव्या महिन्यात दोन्ही पाय एकाच फरशीवर पडले आणि डॉक्टरांनी माझ्याशी हात मिळवला. त्या डॉक्टरांचा, शिंदखेड्याच्या सिस्टरचा, जळगावच्या फिजिओथेरपिस्टचा मी ऋणी आहे. आणि नानांचा. त्यांनी माझा गुडघा वर्षभर स्वतःच्या बागेसारखा वागवला.

मी गोव्याला गेलो. प्रशिक्षकांनी एक तास मला खेळवलं. पळवलं, वळवलं, दोन तगड्या पोरांना माझ्या अंगावर सोडलं. मग जवळ बोलावलं आणि माझ्या उजव्या गुडघ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ऑपरेशन याचंच ना? थोडा जड वाटतो, पण चालेल. हंगाम संपेपर्यंत आमच्याकडे थांब."

ऑपरेशन डाव्याचं झालं होतं. मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

मैदानाबाहेर येऊन मी बुबांना फोन लावला आणि हे सगळं सांगितलं. तासभर बघूनही कोणता गुडघा ते त्यांना ओळखता आलं नाही, बुबा, असं म्हणालो.  मग बुबा चक्क अहिराणीत म्हणाले,

"मंग आते उजवाबी डागदरले दाखाडी ले."