हो म्हणजे थांब

बाईंनी माझ्यापुढे मण्यांची चौकट ठेवली. दहा तारा, प्रत्येक तारेवर दहा मणी, पाच लाल, पाच पांढरे. आमच्याकडे अंगणवाडीत अशी चौकट असते, माझी चार वर्षांची चुलत बहीण तिच्याशी खेळायची. मी तेरा वर्षांची होते. जालन्याच्या मराठी शाळेतून सातवी करून आले होते, वर्गमुळं काढत होते. बाई वाकल्या, माझ्या डोळ्यांसमोर डोळे आणले आणि खूप हळू, खूप मोठ्यानं बोलल्या. मग एकेक मणी सरकवून दाखवला. आठ आणि पाच. शेवटी विचारलं, समजलं का? एवढा एक प्रश्न मला ओळखू यायला लागला होता.

मी म्हणाले, "हो."

बाईंनी चौकट उचलून नेली. खांद्यावर थोपटलं. तिच्या जागी एक कागद आणि रंगीत पेन्सिली ठेवल्या. कागदावर बदक होतं.

मला वाटलं, बरोबर उत्तर दिलं म्हणून बक्षीस असेल. मी ते बदक मन लावून रंगवलं. आज आठवलं की अंगाची आग होते.

शाळा नेदरलँड्समधल्या झूटरमेरमध्ये होती. छोटी, शंभरएक मुलांची. आम्ही वर्षाच्या मध्येच आलो होतो, परदेशातून आलेल्या मुलांच्या भाषावर्गात जागा नव्हती. खेमेन्तेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, सांगितलं की मागं पडलेल्या मुलांसाठी एक वेगळी शाळा आहे, तिथे लगेच घेतील. मी कशात मागं पडले होते, हे कुणी विचारलं नाही. पप्पा म्हणाले, चालेल. पप्पांची नोकरी आइंडहोवनला होती, चिप बनवणाऱ्या मशीनच्या कामात. सोमवारी पहाटे जायचे, तिथेच एक खोली घेतली होती, शुक्रवारी रात्री यायचे. उरलेल्या दिवसांत घरात आई आणि मी. आईला ना डच, ना इंग्रजी.

शाळा वाईट नव्हती. हे लिहिताना त्रास होतो, पण खरं आहे. दुसऱ्या शाळांनी बाहेर काढलेली मुलं तिथे होती. अक्षरं उलटी दिसणारी, आवाज सहन न होणारी, रागात खुर्च्या फेकणारी. त्यांना तिथे श्वास घेता येत होता. प्रत्येक मुलाला एक मेंटर, माझी मारलीन, त्याच मणीवाल्या बाई. घंटा नाही, ओरडणं नाही. आणि एक नियम. मुलाला झेपत नसेल तर त्यानं एक शब्द म्हणायचा. शब्द म्हटला की समोरचं काम लगेच उचलायचं. का, असं विचारायचं नाही. कुणीच नाही, मुलांनीही नाही.

तो शब्द प्रत्येक खोलीत भिंतीवर होता. उघडा पंजा आणि खाली दोन अक्षरं. HO. डच भाषेत त्याचा अर्थ, थांब.

मला काय माहीत? मी दोन अक्षरं जोडून वाचली. हो. वर उघडा पंजा, आमच्या घरातल्या तसबिरीतल्या बुद्धाचा असतो तसा, भिऊ नकोस म्हणणारा. शिवाय इथली माणसं दिवसभर "या होर, या होर" करत असतात. म्हणजे हो, हो, चालेल. मला वाटलं, आपलाच हो आहे, ह्यांनी त्याला र ची शेपटी लावली आहे. मला इतका आनंद झाला होता. एवढ्या परक्या मुलखात एक शब्द माझा निघाला होता, आणि मी तो जपून, ठासून, मान डोलवत वापरत होते.

समजलं का? हो. करून बघतेस का? हो. अजून एक देऊ? हो.

प्रत्येक 'हो'बरोबर माझ्यासमोरून काहीतरी गेलं. आधी बेरीज, मग वाचन, मग नकाशे. होकारासाठी त्यांचं 'या' म्हणायला मी दोन महिन्यांत शिकले, पण घाबरले की तोंडातून 'हो'च यायचा. मोठी माणसं बोलली की हो म्हणायचं, हेच तर घरात शिकले होते.

मग बैठक झाली. पप्पांना नव्या नोकरीत रजा मागवेना. म्हणून काकू आल्या. काकू म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या एक मोठ्या बाई, इथे बारा वर्षं राहिलेल्या, फाडफाड डच बोलणाऱ्या. आमचं घर त्यांच्या नवऱ्याच्या ओळखीनं मिळालं होतं. शाळेत जायच्या आधी त्या पहिल्यांदा आमच्याकडे आल्या. भिंतीवरचे दोन फोटो पाहिले. एक बुद्धाचा, एक निळ्या कोटातला. मग आडनाव पुन्हा एकदा विचारलं, जरा सावकाश. आईनं पाणी आणलं तर म्हणाल्या, असू दे, माझी बाटली आहे. इथे सगळेच बाटली घेऊन फिरतात. त्यामुळे त्या बाटलीत नुसतं पाणी होतं की आणखी काही, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

शाळेत गोल टेबल होतं. मारलीन, काकू, आई, मी. मारलीन बराच वेळ बोलली. काकूंनी आईला त्याचं तीन वाक्यांत मराठी केलं. मुलीला अभ्यास झेपत नाही. तिला हाताच्या कामाच्या वर्गात घालायचं आहे, स्वयंपाकघर, कपडे धुणं, इस्त्री, साफसफाई. पुढे त्यातच नोकरी लागते.

आईनं पिशवीतून माझी गणिताची वही काढली. जालन्याची. ती तिनं सामानात कपड्यांच्या मध्ये ठेवून आणली होती. वही मारलीनपुढे सरकवली आणि म्हणाली, "माझ्या पोरीला गणित येतं. कागद द्या, ती करून दाखवील."

एवढंच. आई ते एका दमात बोलली.

काकू डचमध्ये काहीतरी म्हणाल्या. आईच्या वाक्यापेक्षा लांब होतं. मारलीननं वही उघडली. आतले आकडे देवनागरीत. तिनं पानं उलटली, हसली आणि म्हणाली, "मोई." म्हणजे सुंदर. तिला ती नक्षी वाटली. वही मिटून तिनं परत दिली. मी समोर बसले होते. मारलीननं माझ्याकडे पाहून विचारलं, तुला चालेल ना? मला प्रश्न नीट कळला नाही.

मी म्हणाले, "हो."

मारलीननं काकूंकडे पाहिलं, हात पसरले. बघा, साधा प्रश्नही झेपत नाही, असं. काकू ओठ दाबून हसल्या. त्यांना दोन्ही शब्द माहीत होते. त्या टेबलावर दोन्ही शब्द माहीत असलेलं एकच माणूस होतं, आणि ते हसलं.

माझा हो ऐकून आईनं सही केली. बाहेर आल्यावर काकू सायकलचं कुलूप काढता काढता म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका हो वहिनी. इथे कुठलंच काम हलकं नसतं. आणि तुम्हा लोकांना तर कष्टाची सवय असतेच."

तुम्हा लोकांना. माझी आजी जालन्यात नगरपालिकेचे रस्ते झाडायची. तिच्या हातातला झाडू सुटावा म्हणून पप्पा शिकले. आम्ही दोघी ट्राममध्ये बसलो, आईनं वही छातीशी धरली होती.

दीड वर्ष मी टॉवेलांच्या घड्या केल्या. आधी लांबीला, मग तीनदा. ताट डाव्या हातावर कसं पेलायचं, फरशी पाठीमागे सरकत कशी पुसायची. चांगलं केलं की मारलीन अंगठा दाखवायची. कोट स्वतः घातला तरी अंगठा. दुपारी मी चटणी लावलेली पोळी खिडकीशी बसून खायचे. कुणी छळलं नाही. कुणी चिडवलं नाही. त्या वर्गात मला कुणी प्रश्नच विचारत नव्हतं, कारण माझ्याकडून कुणाला उत्तर नको होतं. घरी येऊन आईला सांगायचे, चांगलं चाललंय. आई शेजारी बसायची आणि मी जुन्याच वहीतली जुनीच गणितं पुन्हा सोडवायचे. नवी गणितं आम्हा दोघींपैकी कुणाकडेच नव्हती. इतकं एकटं मला त्यानंतर कधी वाटलं नाही.

डच मात्र कानावर पडून पडून येत गेली.

दुसऱ्या वर्षी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम. हॉलमध्ये गेल्या गेल्या काकूंनी मला कागदी रुमालांचा गठ्ठा दिला. म्हणाल्या, तुला छान घड्या येतात, शाळेत शिकवतात ना. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी उभी राहून घड्या घालत होते. काकू पाचसहा जणांत बसून गंमत सांगत होत्या. एका बैठकीची. "बाई विचारतात, समजलं का? ही म्हणते, हो. बाई बिचाऱ्या लगेच थांबतात. सगळी शाळा थांबली हिच्या 'हो'पायी."

सगळे हसले. त्यात पप्पा होते. ते इतरांच्या जरा मागून हसले, पण हसले.

हातातला रुमाल तसाच राहिला. भिंतीवरचा तो पंजा मी दीड वर्ष रोज पाहत होते. शब्दाचा अर्थही एव्हाना कळायला लागला होता. पण माझा हो आणि त्यांचा हो मी कधी शेजारी ठेवून पाहिला नव्हता. त्या क्षणी ठेवला. मणी, बदक, नकाशे, वही. सगळं एका ओळीत उभं राहिलं. मी मूर्ख नव्हते. मी दीड वर्ष होकार देत होते.

मला रडू आलं नाही. राग आला. काकूंचा आला, मारलीनचा आला, पप्पांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या गुणी, नम्र, मान डोलवणाऱ्या 'हो'चा आला.

सोमवारी शाळेत मारलीननं टॉवेलांची चळत माझ्यापुढे ठेवली. मी मोडक्यातोडक्या डचमध्ये तिला सांगितलं. माझ्या भाषेत हो म्हणजे तुमचं 'या'. मला सगळं समजत होतं. मला गणित हवं आहे.

मारलीन लाल झाली. मग हसली. म्हणाली, किती गोड गैरसमज. पण तू इथे किती शांत झाली आहेस, तुला इथे बरं वाटतं. आपण वसंतात बैठक घेऊ तेव्हा बोलू. आणि तिनं वरचा टॉवेल माझ्याकडे सरकवला.

मी भिंतीवरच्या पंजाकडे बोट दाखवलं.

"हो," मी म्हणाले. त्यांच्या भाषेत.

नियम तिचाच होता. तिला चळत उचलावी लागली. का, असं विचारता येईना. तिनं ताटं आणली. हो. रंगवायचा कागद आणला. हो. टेबल रिकामं झालं. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. मुलं बघायची, विचारायची नाहीत. घरी पप्पा फोनवर म्हणाले, उगाच वाकड्यात शिरू नकोस, आपण इथे नवे आहोत. आईनं फोन हातातून घेतला आणि म्हणाली, "बसू द्या तिला." आई पप्पांना असं बोललेली मी पहिल्यांदा ऐकली.

नऊ दिवस रिकामं टेबल. दहाव्या दिवशी मारलीननं दुसऱ्या शाळेतून मागवलेला गणिताचा पेपर आणून ठेवला. मी तो सोडवला. एका ठिकाणी सवयीनं देवनागरी सात लिहिला, तो खोडून त्यांचा केला.

शाळा बदलली. पण गेलेली वर्षं गेलीच. आज मी एकोणीस वर्षांची आहे आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान मुलांबरोबर शेवटच्या वर्गात बसते. माफी कुणी मागितली नाही. सोळा पूर्ण झाल्यावर मी माझी फाइल मागून घेतली. त्यात पेपरच्या निकालाखाली लिहिलं आहे, शांत वातावरणामुळे अनपेक्षित प्रगती. आणि त्या बैठकीच्या पानावर लिहिलं आहे, आईची हरकत नाही, मुलीला हाताची कामं आवडतात असं आई सांगते.

माझी आई असं सांगते.

मागच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. मंडळाच्या दिवाळीला मी पाच मिनिटं बोलावं. शाळेनं आणि मंडळानं कसा हात दिला ते सांगावं. मारलीनलाही बोलावलं आहे. "आणि तुझ्या त्या 'हो'ची गंमत नक्की सांग," काकू म्हणाल्या. "लोकांना फार आवडते. येशील ना?"

मी म्हणाले, "हो."

कुठल्या भाषेतला, ते त्यांनी विचारलं नाही.

मी जाणार आहे. आधी डचमध्ये बोलणार, मग मराठीत, म्हणजे मध्ये कुणाची गरज पडणार नाही. फाइलमधलं पान वाचणार. मग त्या टेबलावर आई जे बोलली होती ते सांगणार, एक शब्द न गाळता, दोन्ही भाषांत. माझ्या पोरीला गणित येतं. कागद द्या, ती करून दाखवील. आई पहिल्या रांगेत बसणार आहे, वही घेऊन. पप्पांना मी तिच्या शेजारी बसायला सांगितलं आहे.

आणि गंमत म्हणून कुणी हसायला लागलं, तर मी पंजा वर करीन आणि म्हणेन, हो.