पाच पिनांचं सॉकेट

दादाचा घसा कापावा लागेल, सोमवारी ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज राहणार नाही, असं धंतोलीच्या डॉक्टरांनी मंगळवारी सांगितलं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, काटोलच्या शाळेत मास्तर आणि तिथल्या भजनी मंडळाचा मुख्य गाणारा. ऑपरेशनपर्यंत तो आणि वहिनी आमच्याकडे नंदनवन वस्तीत राहिले.  घरी चहा पिता पिता म्हणाला, "एक भजन भरून ठेव गा टेपात. पोरीले ऐकाले राहीन." बस, एवढंच मागितलं त्यानं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. कॅसेटचे टेपरेकॉर्डर मोजक्या घरांत होते, आमच्याकडे नव्हता. माझ्याकडे होता ॲम्प्लिफायर, मी स्वतः बनवलेला. दिवसभर कचेरीत फायली उपसायच्या आणि संध्याकाळी सोल्डर घेऊन बसायचं, असं माझं आयुष्य. ॲम्प्लिफायरचं सर्किट मला एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं हातानं उतरवून दिलं होतं, त्याला आणखी कुणी. कागदावर तीन शाईंत तिघांच्या दुरुस्त्या होत्या, चौथी माझी. कुणीही उतरवून घ्यावं, सुधारावं, पुढच्याला द्यावं, असा आमचा रिवाज. काटोलच्या भजनाला मी ॲम्प्लिफायर नेऊन लावायचो, दादा वर्षानुवर्षे त्याच मशीनवर गायला होता. तेव्हा त्याचा शेवटचा आवाज त्यातूनच टेपात जाणार, हे मी ठरवून टाकलं. त्याला विचारलंसुद्धा नाही.

बुधवारी सकाळी वहिनीनं शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि नवी कॅसेट घातली. माइक त्याच्या आतलाच. दादा पलंगावर बसून गायला, अख्खं भजन, शेवटच्या कडव्यापर्यंत. मग आम्ही ते ऐकलं. पंख्याची घरघर, भाजीवाल्याची हाळी, मधेच कुकरची शिट्टी. मी म्हणालो, "हे काही कामाचं नाही. माझ्या मशीनवर भरू."

"राहू दे नं गा," दादा म्हणाला. "मीच तर होय त्यात."

"पाहू," मी म्हणालो.

मग रजा टाकली, ॲम्प्लिफायर चादरीत गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि टेपरेकॉर्डर भाड्यानं देणारी सीताबर्डीवरची दुकानं पालथी घातली. तोंडाला फेस आला. माझ्या मशीनला जाडा जॅक, कंपनीच्या टेपरेकॉर्डरला पाच पिनांचं सॉकेट. कोणत्या पिनेतून आवाज आत जातो, इथंच घोडं पेंड खात होतं, कारण प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी. सर्किट मागितलं तर दुकानदार हसायचा. "कंपनी कोणाले सर्किट देते का, साहेब? कंपनीचाच माइक लावा. कायले डोकं खपवता?" एका मशीनवर नुसती घूंऽऽ यायची. दुसऱ्यावर आवाज फाटायचा. तिसऱ्यावर काहीच उमटत नव्हतं. मला त्या दुकानदारांचा राग यायचा. आज वाटतं, ते तरी बरोबर सांगत होते, की बाबा, घरी जा.

चाचणीला कॅसेट लागायची. दुसरी घेता आली असती, पण मी बुधवारचीच खिशात टाकून नेली होती. म्हटलं, तसंही हे पुसायचंच आहे. दर दुकानात ती सुरुवातीपर्यंत मागे फिरवायची आणि पुन्हा पाच-सात मिनिटं बोलत राहायचं, हॅलो, एक, दोन, तीन. शुक्रवारपर्यंत भजनाचं एक अक्षर त्यात उरलं नव्हतं. याची मला तेव्हा जराही खंत वाटली नाही, हे आता लिहितानाही लाज आणतं.

शनिवारी दुपारी जमलं. एक मशीन सापडलं, आवाज फाटू नये म्हणून वायरीत मोठा रेझिस्टन्स टाकून जोड मी स्वतः सोल्डर केला. घूं नाही, खरखर नाही. स्वतःचेच आकडे ऐकून मी खूश झालो.

मशीन घरी आणलं, नवी कॅसेट घातली आणि दादाला बसवलं. त्यानं पेटी पुढे ओढली, सूर धरला, तोंड उघडलं. नुसती हवा आली. पाणी प्याला, पुन्हा सूर धरला. पुन्हा हवा, मग खोकला. तिसऱ्यांदा वहिनीनं पेटीचा भाताच दाबून धरला.

"पुरे करा, भाऊजी. ह्यायले त्रास होऊन राहिला, तुमाले दिसत काहून नाही?" मग दादाकडे वळून ती म्हणाली, "आहे नं बुधवारचं. चांगलं तर आलं होतं."

मी मान खाली घालून वायर गुंडाळत बसलो.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. सारे म्हणाले, जीव वाचला, आणखी काय पाहिजे. पंधरा दिवसांनी दादा आमच्या घरी आला तो गळ्यावर पट्टी आणि हातात पाटी घेऊन. दुसऱ्याच दिवशी त्यानं लिहिलं, "बुधवारचं लाव."

मशीन बिघडलं म्हणून सांगता आलं असतं. पण तोवर मी थकलो होतो, खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. शेजाऱ्यांकडून टेपरेकॉर्डर आणला आणि लावला. हॅलो. एक, दोन, तीन. हॅलो. एक, दोन, तीन. पंखा नाही, भाजीवाला नाही, कुकर नाही. वहिनीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्या शहाणपणापायी बैल दादाचा रिकामा राहिला. मला रडू फुटलं, आणि टेपात माझंच मोजणं चालू होतं.

दादानं ते शेवटपर्यंत ऐकलं. मग बाहीनं पाटी पुसली आणि फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरात लिहिलं, "आवाज साफ आला." आणि शाळेतल्या सवयीनं पुढे बरोबरची खूण केली.