भुरीने डोकं टेकवलं

जोडीदार गेल्यापासून आमची ससुली भुरी गवताला तोंड लावत नव्हती, म्हणून बंड्या नावाचा ससा आणला. कुणाचंच राज्य नसलेल्या बाथरूममध्ये दोघांना सोडलं आणि मी हादरलोच. भुरीने त्याच्या पाठीचे केस उपटून फरशीभर कापूस केला. मग अचानक तिने त्याच्यापुढे डोकं जमिनीला टेकवलं.

"बघ, माफी मागतेय," मी बायकोला म्हणालो.

"माफी कसली? डोकं चाट, असा हुकूम आहे तो."

बंड्या निमूट चाटू लागला. आमच्या प्रत्येक भांडणाच्या शेवटी हिने मान खाली घातली की मी जिंकलो समजायचो, आणि त्या खुशीत हिला चहा करून द्यायचो. इतकी वर्षं!

मी बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती.

मी आधण ठेवायला उठलो. मागे भुरी गवत कुरतडत होती.