कोरड्या नदीतला आखाजीचा बार

आमच्या नदीचं नाव मी इथे सांगत नाही. सांगितलं तर दोन्ही काठांची माणसं मला जाब विचारायला येतील, आणि मुख्याध्यापक म्हणून आयुष्य गेल्यामुळे मला जाब विचारायची सवय आहे, द्यायची नाही. नदी शिंदखेड्याच्या बाजूने येते आणि तापीला मिळते, एवढं पुरे. मिळते म्हणजे पावसाळ्यात मिळते. एरवी तिचा आणि तापीचा काही संबंध नसतो.

गेल्या वर्षी शहरातल्या एका संस्थेला या नदीची गोष्ट सांगावीशी वाटली. खोऱ्याचं पर्यावरण आणि सांस्कृतिक परंपरा, असा विषय होता. त्यांना एक जाणकार हवा होता. मी धुळ्यात राहणारा, निवृत्त, दिवाळी अंकांत लोकजीवनावर लिहिणारा, म्हणजे गावाबद्दल गाव सोडून सगळ्यांना सांगणारा. माझ्याहून लायक माणूस त्यांना कुठे मिळणार होता? मी त्यांचं वाक्य पुरं होऊ न देताच हो म्हणालो.

परंपरा म्हटल्यावर मी आखाजीचा बार सुचवला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात आणि गौराई बोळवायला नदीवर जातात. समोरच्या काठावर पल्याडच्या गावच्या लेकीबाळी जमलेल्या असतात. मग दोन्हीकडून शिव्यांची गाणी सुरू होतात, तोच बार. समोरचीचा बाप, भाऊ, नवरा, दीर, कोणी म्हणजे कोणी सुटत नाही. अधूनमधून दगडही येतात. नदी ओलांडायची नाही, शिवीला शिवीनेच उत्तर द्यायचं, आणि जिला उत्तर सुचलं नाही तिचं गाव वर्षभर हरलं. दुसऱ्या दिवशी त्याच बाया बाजारात एकमेकींना पिशवी धरायला देतात.

आमच्या काठाची पुढारीण माझी थोरली बहीण, अक्का. आता सत्तरी ओलांडलेली. लग्न होऊन गेली तरी एक आखाजी तिने चुकवली नाही आणि एका शिवीला निरुत्तर झाली नाही. समोर तिच्याच वयाची, पल्याडच्याच गावात दिलेली एक बाई असायची. अक्का तिचं नाव घेत नसे, नुसतं 'पल्याडची' म्हणे, जणू तो हुद्दाच आहे. काही वर्षांपूर्वी एका दगडाने कोणाचं तरी डोकं फुटलं, पोलीस आले आणि बार अर्ध्यावर बंद पडला. तो कायमचाच. शेवटची शिवी पल्याडचीची होती. अक्काचं उत्तर तोंडात राहिलं. तेव्हापासून मी मुराळी म्हणून तिला सणाला आणायला गेलो की एसटीत बसल्यापासून सोनगीर येईपर्यंत ती ते उत्तर मला ऐकवायची. कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबून ऐकायचा.

त्यामुळे बार पुन्हा होणार म्हटल्यावर अक्काने दोन दिवस आधीच पिशवी भरली. तिला ना पर्यावरणाशी देणंघेणं होतं ना परंपरेशी. तिला ते एक उत्तर द्यायचं होतं.

संस्थेने मांडव नदीच्या पात्रातच घातला. भिजायची भीती नव्हती. मागे नदीचा निळाशार नकाशा छापलेलं फ्लेक्स आणि समोर पाण्याच्या बाटल्यांचे खोके. पात्रात मुरूम उघडा पडला होता, वेडी बाभूळ माजली होती. आमच्या लहानपणी इथे रेतीत हातभर उकरलं की झिरा लागायचा, भर उन्हाळ्यात घोट्याएवढी धार असायची, टरबुजांच्या वाड्या असायच्या. मी हे सगळं माइकवरून सांगितलं. वाम, मरळ, झिंगे अशी मासळीची नावंही घेतली. पाहुण्यांनी ती वहीत उतरवून घेतली. दगड मात्र पूर्वीपेक्षा चिक्कार होते, कारण रेती गेली की दगडच उरतात.

शिव्या नकोत, असं संस्थेचं म्हणणं पडलं. चित्रफीत शाळांमध्ये दाखवायची होती. तेव्हा मी स्वतः बसून 'हे सरिते, जीवनदायिनी' अशी आठ कडवी रचली होती. ती मी अक्काच्या हातात दिली. तिने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि ही कोणाची आरती म्हणून विचारलं. मग तिची नि पल्याडचीची खुर्ची शेजारी शेजारी मांडण्यात आली. दोघी पदर सावरून बसल्या. एकीने दुसरीला गुडघ्याचं विचारलं. दुसरीने तेल कुठलं लावते ते सांगितलं. कॅमेरा चालू होता आणि कोणी कोणाला शिवी देत नव्हतं.

"भाऊ, आठे कसा बार व्हई?" अक्का दोन्ही खुर्च्यांकडे बोट दाखवून म्हणाली. "ती तं बाजूमाच बशेल शे."

शेवटी दोघी स्वतःच उठल्या आणि आपापल्या काठावर जाऊन उभ्या राहिल्या. मागे गावच्या बाया जमल्या. अक्काने कमरेला पदर खोचला आणि इतकी वर्षं जपलेलं उत्तर मोकळं केलं. ते इथे छापण्यासारखं नाही. मला अभिमान वाटला, खोटं का सांगू. आमचा काठ हसून हसून खाली बसला. पाठोपाठ तिने एक सौम्य कडवं जोडलं, ते देतो.

"पल्याडना नवरदेव व,
म्हशीवर बशीसन उना व!"

 पल्याडचीने पात्राकडे पाहिलं, मांडवाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. अगदी सावकाश, एकेक शब्द मोजून तिने म्हटलं,

"तुना भाऊनी नदी खादी व,
धुयामा माडी बांधी व!"

धुळ्यातल्या घराची माझी वरची माडी त्याच्या आदल्याच उन्हाळ्यात उभी राहिली होती. रेती याच नदीची. डंपर पल्याडच्या घाटानेच चढायचे, तिच्या दारावरून. मी परवान्याचे कागद विचारले नव्हते. गावची रेती गावच्याच माणसाला, अशी मी स्वतःची समजूत घातली होती आणि त्याच माडीत बसून नदीच्या ऱ्हासावर लेख लिहिला होता. लेखाचं कौतुकही झालं होतं.

संस्थेकडून आलेल्या एका मुलीला आमची अहिराणी कळत नव्हती. तिने मला अर्थ विचारला. दोन्ही गावांचं नदीवर फार प्रेम आहे असं ती बाई म्हणतेय, मी सांगितलं. तिने टाळ्या वाजवल्या. तिचं पाहून सगळ्या पाहुण्यांनी वाजवल्या.

अक्का तशीच उभी होती. आमच्या बाया तिला मागून ढोसत होत्या, पल्याडचीच्या नवऱ्याचं काढ, दिराचं काढ म्हणून एकेक सुचवत होत्या.  मग खोचलेला पदर सोडून ती काठावरून खाली उतरली. आमचा काठ हरला. पल्याडच्या बायासुद्धा ओरडल्या नाहीत.

घरी आल्यावर मी हसण्यावारी नेण्याचा प्रयत्न केला. बारातली शिवी कोणी मनावर घेतं का, असं म्हणालो. आजवर तिने बापावरच्या घेतल्या नाहीत, नवऱ्यावरच्या घेतल्या नाहीत, मग ही एक काय ती. अक्का पिशवी भरत होती.

"शिवीले जबाब देता येस भाऊ," ती म्हणाली. "हाई तं खरं शे."

मला लाज वाटली. ती लेखात लिहिण्यासारखी नव्हती म्हणून मी कुठे लिहिली नाही.

या आखाजीला मी नेहमीप्रमाणे मुराळी होऊन तिच्या सासरी गेलो. त्या तर पहाटेच्या गाडीने निघून गेल्या, असं सूनबाईने सांगितलं. गावात पोचलो तर आमच्या घराला कुलूप, आणि किल्ली माझ्याच खिशात. चौकशी केली तेव्हा एकाने हाताने नदीकडे दाखवलं. मी पात्रातून चालत पलीकडे गेलो. चपलेचा तळवासुद्धा ओला झाला नाही. पल्याडचीच्या ओट्यावर दोघी रसपोळी खात बसल्या होत्या. पल्याडची उठली, तिने मला पाण्याचा तांब्या आणून दिला. अक्का मला बस म्हणाली नाही.