ताडपत्रीच्या कोपऱ्यातलं खातं

"निघतो, डॉक्टर," असं शेजारचे काका माझ्या दुकानात शिरता शिरताच म्हणायचे. एक पाय पायरीवर, दुसरा रस्त्यावर, मोटारसायकल चालूच. मी डॉक्टर नाही, उमरग्यात हायवेला माझं औषधांचं दुकान आहे. पण आमच्याकडे औषध विकणाऱ्यालाही डॉक्टर म्हणतात आणि मी कधी कुणाला अडवलं नाही. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, ज्याच्याकडे नुसतं बघूनच आपल्याला धाप लागते.

त्यांचं ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचं दुकान होतं. हा धंदा उधारीवर चालतो, आणि ड्रायव्हर एकदा हैदराबादकडे गेला की कधी परतेल ते सांगता येत नाही. त्यावर काकांनी आपलं डोकं चालवलं होतं. बँकेचा क्यूआर कोड रेक्झिनवर छापून घ्यायचे आणि तो तुकडा प्रत्येक ताडपत्रीच्या कोपऱ्यात शिवून द्यायचे. भाडं जिथं हातात पडेल तिथंच ड्रायव्हरनं कोड स्कॅन करायचा आणि थोडे थोडे पैसे टाकायचे. बिचारे टाकायचेही. "माल भिजला न्हाय की माझी याद येतीच," काका म्हणायचे.

मग दोन मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी पैसे थकवले आणि काकांनी त्याच खात्यावर ओव्हरड्राफ्ट घेतला, म्हणजे खात्यात नसलेले पैसे उचलायची सोय. तारण ठेवलं राहतं घर. ते काकूंच्या नावावर, त्यांच्या माहेरच्या पैशातून बांधलेलं. व्याज थकलं तेव्हा बँकेतल्या कुणीतरी काकांना सोडून काकूंनाच फोन केला आणि घराचा विषय काढला. काकू नवऱ्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. काकांना तेच सोसेना.

"भांडली असती तर बरं झालं असतं, डॉक्टर. ती नुसती जेवाय वाढती."

त्याच आठवड्यात त्यांनी समोरच्या दुसऱ्या बँकेत खातं काढलं. बेत साधा होता. नवी कमाई नव्या खात्यात घ्यायची, त्यातून कापड आणून धंदा चालवायचा, जुन्या खात्याचं देणं आपल्या हातानं थोडं थोडं फेडायचं आणि घराचा कागद काकूंच्या हातात द्यायचा. दुकानातला कोड बदलला, पाटीवरचा नंबर बदलला. रस्त्यावर धावणाऱ्या ताडपत्र्या मात्र त्यांच्या ध्यानातच आल्या नाहीत.

पैसे येत राहिले, पण जुन्याच खात्यात. आले की ओव्हरड्राफ्टमध्ये गडप. नवं खातं कोरडं आणि कापडवाला दारात उभा.

मग काका पिसाटलेच. पिशवीत दाभण, दोरा आणि नव्या कोडचे तुकडे घालून हायवेवर फिरायला लागले. आपली शिवण दिसली की ट्रकच्या मागं. ढाब्यावर ड्रायव्हर जेवतोय आणि हे वर चढून कोपरा उसवतायत, असं मी स्वतः पाहिलंय. एकानं तर चोर समजून त्यांना खाली ओढलं. हाताला मलम लावता लावता मी चिडलो.

"अहो, पैसे वाया कुठं जातायत? देणंच फिटतंय ना?"

"फिटतंय, व्हय. पण तवर खाऊ काय? अन् उद्या फेडलं कुणी म्हणायचं, म्या का त्या तुकड्यानं?"

"बसा तरी जरा."

"येणेगूरला एक ट्रक थांबलाय म्हणं," असं म्हणत ते गेलेसुद्धा. मला त्यांची काळजी वाटायची, आणि काळजी वाटली की मला राग येतो, हा माझा स्वभाव.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी ते दुकानातच, शिलाई मशीनशेजारी वारले. निम्म्या ताडपत्र्या बदलायच्या राहून गेल्या होत्या. घर आता जातंय, असं काकूंनी गृहीत धरलं. खरं सांगायचं तर मीही तेच धरलं होतं.

पण काका गेल्याचं रस्त्याला कुठं माहीत होतं? सोलापूरला, जहिराबादला माल उतरत होता आणि ड्रायव्हर कोपरा उचलून उधारी चुकती करत होते. जे तुकडे काकांना उसवता आले नाहीत, त्यांनीच ओव्हरड्राफ्ट भरत आणला. थोडं राहिलं ते काकूंनी शिल्लक कापड विकून भरलं.

कागद आणायला मी त्यांच्याबरोबर बँकेत गेलो. साहेबांनी कागद दिला आणि एक फॉर्म पुढं सरकवला. "मावशी, आता हे खातं बंद करू. इथं सही करा."

काकूंनी पेन घेतलं नाही. "ऱ्हाऊ द्या की जरा, साहेब."

"अहो, देणं फिटलं. मालक राहिले नाहीत. ठेवून करायचं काय?"

काकूंनी पिशवीतून काकांचा फोन काढला. त्या तो रोज चार्ज करत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

"परवा कुणीतरी पाचशे टाकले," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या नावानं मेसेज येतो. जवर येतोय तवर येऊ द्या."

साहेबांनी फॉर्म खणात ठेवला आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत घराचा कागद काकूंच्या मांडीवर पालथा पडून होता. त्या फोनकडे बघत होत्या.